तेच ते, की तसलंच दुसरं?

वाचकांचे प्रश्न

वस्तूंची ओळख आणि त्यांच्या जाती या विषयावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. आधी एक गल्लत दूर करू. या अंकाच्या दोन प्रती अगदी सारख्या आहेत, पण त्या एक नाहीत. उलट, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुलगी आणि आज आजी झालेली तीच बाई यांच्यात सारखं फारसं काही उरलेलं नाही, तरी व्यक्ती एकच आहे. खालचे प्रश्न बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे आहेत: सारखं आहे का हे विचारणारे नाहीत, एकच आहे का हे विचारणारे.

प्रश्न: आजीच्या दोन पाटल्या होत्या, 40 ग्रॅमच्या. त्या मोडून आम्ही बहिणींनी एकेक गोफ करून घेतला. धाकटी म्हणते, आता आजीचं काहीच राहिलं नाही. मी म्हणते, सोनं तर तेच आहे. कोणाचं बरोबर? (गंगापूर रोड)

तुमचं भांडण एकाच वस्तूबद्दल नाही. त्या हातात दोन वस्तू होत्या, पाटली आणि सोनं. हे शब्दांचे खेळ नाहीत, याला कसोटी आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: दोन नावांनी सांगितलेली गोष्ट खरोखर एकच असेल, तर एकीबद्दल जे जे खरं ते ते दुसरीबद्दलही खरं असलंच पाहिजे. एक फरक सापडला की वस्तू दोन. सोनं पाटली घडण्याच्या आधीपासून होतं, पाटली नव्हती. मुशीत वितळल्यावर सोनं उरलं, पाटली उरली नाही. एवढे दोन फरक पुरेसे आहेत.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की दोन वस्तू असतील तर काट्यावर 80 ग्रॅम का भरत नाहीत? कारण द्रव्य एकच आहे आणि वजन द्रव्याचं असतं. दोन्ही वस्तू ते एकच द्रव्य वाटून घेतात. अ‍ॅलन गिबर्ड या तत्त्वज्ञाने 1975 साली यापेक्षा अवघड उदाहरण रचलं: मातीचा गोळा आणि पुतळा एकाच क्षणी जन्मतात आणि एकाच क्षणी फुटतात. तिथे काळाचा फरक दाखवता येत नाही, म्हणून ते दोन्ही एकच आहेत असं गिबर्ड म्हणतात. तुमच्या पाटल्यांना ती पळवाट नाही, सोन्याचा आणि पाटलीचा इतिहास वेगळा आहे.

जैन आचार्य समंतभद्र यांनी नेमका हाच प्रसंग घेतला होता. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो दुःखी, मुकुट हवा होता तो आनंदी, सोनंच हवं होतं तो शांत. तिघंही चुकलेले नाहीत. प्रत्येकाने त्याच ठिकाणच्या वेगळ्या गोष्टीकडे पाहिलं. नाश, उत्पत्ती आणि टिकणं या तिन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

आता व्यवहाराचं. 'सोनं तेच आहे' हे तुमचं वाक्यही आपोआप खरं ठरत नाही. सराफाने काय केलं ते विचारा. तुमच्यासमोर पाटल्या वेगळ्या मुशीत टाकणखार घालून आटवल्या आणि त्याच लगडीतून गोफ ओढला, तर सोनं तेच. पण बहुतेक दुकानांत तसं होत नाही. जुन्या डागाचा, म्हणजे दागिन्याचा, कस पाहतात, शुद्ध सोन्याचा हिशेब करतात (22 कॅरट म्हणजे 91.6 टक्के, म्हणून 40 ग्रॅमला 36.64 ग्रॅम, डाख आणि लाख असेल तर त्याहून कमी) आणि तेवढ्या मोलाचा तयार डाग देतात. तुमचं सोनं इतरांच्या मोडीबरोबर शुद्धीकरणाला जातं. तसं झालं असेल तर धाकटीचं म्हणणं दोन्ही अर्थांनी बरोबर आहे. मधलाही एक प्रकार असतो. जुन्या 40 ग्रॅममध्ये नवं 10 ग्रॅम घालून एकत्र आटवलं, तर नव्या डागात 80 टक्के आजीचं सोनं आहे हे खरं, पण 'हा भाग तिचा' असं कुठेही बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून सोनं तेच राहावं अशी इच्छा असेल तर मोड देण्याआधीच 'स्वतंत्र आटवून द्या' असं सांगा, वितळताना समोर थांबा, लगडीचं वजन लिहून घ्या. सरकारी बाजू याबाबत स्पष्ट आहे: 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या प्रत्येक डागावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख-क्रमांक लागतो आणि तो डागाचा असतो, सोन्याचा नाही. गोफावरचा क्रमांक नवाच असेल.

प्रश्न: जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याचे खांब, तुळया, तक्तपोशी वीस-बावीस वर्षांत एकेक करून बदलली. काढलेलं सागवान एकजण विकत घेत गेला आणि त्याने शहराबाहेर तसाच्या तसा वाडा उभा केला. आमचे नातेवाईक म्हणतात, 'खरा वाडा तिकडे गेला.' (पंचवटी)

तुमच्या वाड्यात अडीच हजार वर्षांचा वाद प्रत्यक्ष उभा राहिला आहे. ग्रीक लेखक प्लूटार्कने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी दंतकथेतला वीर थीसियस याचं तीस वल्ह्यांचं जहाज जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि ते जहाज तेच की दुसरं यावर तत्त्वज्ञांमध्ये दोन तट पडले. तुमच्या पत्रातला दुसरा भाग, म्हणजे काढलेल्या फळ्यांतून दुसरं जहाज बांधणं, 1655 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने जोडला. त्यामुळे प्रश्न खरा कठीण झाला.

कठीण का ते पाहा. एकपणाचा संबंध पुढे पोचतो: क आणि ख एक, ख आणि ग एक, तर क आणि ग एकच. दुरुस्त होत आलेला वाडा हा मूळ वाडाच, आणि तिकडे उभा केलेलाही मूळ वाडाच, असं दोन्ही म्हटलं तर पंचवटीतला वाडा आणि शहराबाहेरचा वाडा हे एकच ठरतात. एकाला आग लागली तर दुसरा जळत नाही, म्हणजे ते एक नाहीत. तेव्हा 'दोन्ही खरे' हे समजुतीचं उत्तर बंद आहे. काहीतरी सोडावं लागतं.

न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचा अभ्यास करणारी जुनी भारतीय तत्त्वज्ञान-शाखा, सगळ्यात कडक वाट धरतं. अवयव बदलला की अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली पूर्ण वस्तू, बदलला. कापडातून एक धागा ओढून काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं वस्त्र, ज्याला नैयायिक खंडपट म्हणतात, जन्माला आलं. 'हा तोच वाडा' असं आपण म्हणतो ते सारखेपणावरून. या मताला विसंगती नाही ही त्याची ताकद. किंमत मात्र मोठी आहे: एक खिळा बदलला की वाडा नवा, आणि मग 'वाडा दुरुस्त केला' या वाक्याला अर्थच राहत नाही, कारण दुरुस्त व्हायला वाडा टिकावा लागतो. आम्हाला ही किंमत परवडत नाही.

दुसरी वाट: जो वारस सगळ्यात जवळचा तो मूळ. दिसायला सोपी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. शहराबाहेर कोणी सागवान जोडलं नसतं तर तुमचा वाडा बिनवाद तोच राहिला असता. मग दहा-बारा मैलांवर एका सुताराने काय केलं यावर तुमच्या घराचं अस्तित्व कसं ठरणार? जे टिकलं ते टिकलं, ते शेजारी काय घडलं यावर अवलंबून नसावं.

आमचं मत असं. आधी ठरवा, तुम्ही 'हा तोच' कशाबद्दल विचारताय. वाडा ही वास्तू आहे. ती जोत्यावर उभी असते, तिला आळी असते, चौक असतो, आत माणसं राहतात. अशी वस्तू अवयव बदलत टिकू शकते, अट एवढीच की बदल टप्प्याटप्प्याने व्हावा आणि मधल्या काळात ती वास्तू म्हणून उभी असावी. एकेका खांबाला टेकू देऊन, बाकीचा भार न हलवता तो बदलला असेल तर एकही दिवस असा गेला नाही की तिथे वाडा नव्हता. म्हणून वाडा पंचवटीतच आहे. तिकडे गेलं ते वाड्याचं सागवान. ते मोलाचं आहे, अस्सल आहे, पण सागवानाचा ढीग म्हणून ते जेव्हा ट्रकमध्ये पडलं होतं तेव्हा तो वाडा नव्हता. उलट, सगळे भाग क्रमांक घालून एकाच वेळी उतरवले असते, जोतं रिकामं झालं असतं आणि तेच सांधे त्याच क्रमाने दुसरीकडे बसवले असते, तर आम्ही 'वाडा हलवला' म्हटलं असतं. इजिप्तमधली अबू सिंबेलची मंदिरं 1964 ते 1968 या काळात ठोकळे कापून उंचावर नेली. ती मंदिरं नवी झाली असं कोणी म्हणत नाही.

जतनाच्या क्षेत्रातही यावर एकमत नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेप्रमाणे नवा भाग जुन्याशी मिळताजुळता हवा, पण जुन्यापासून ओळखू यायला हवा. जपानमधलं इसे इथलं देवस्थान मात्र दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पूर्ण बांधतात, शेवटचं 2013 मध्ये. तिथे टिकतो तो आकार, विधी आणि सुतारकाम. आपल्याकडे काळाराम मंदिराची जागा पाहा: जुन्या लाकडी देवळाच्या जागेवर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आजचं दगडी मंदिर बांधलं. इमारत म्हणून ती दोन आहेत, देवस्थान म्हणून एक.

पुढच्या दुरुस्तीसाठी एक सुचवतो. सागाचा खांब बहुधा तळखड्याजवळ, खालच्या दीड-दोन फुटांत कुजतो, कारण ओल तिथे थांबते. पूर्ण खांब काढण्याऐवजी तेवढाच भाग कापून नव्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. बुडाशी सिमेंट लिंपू नका, ते ओल कोंडून ठेवतं आणि लाकूड आतून जातं, चुना वापरा. नव्या तुकड्याच्या न दिसणाऱ्या अंगावर साल कोरून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी 'यातलं मूळ किती?' असं विचारलं तर अंदाज बांधावा लागणार नाही.

प्रश्न: कच्चा माठ आणि भाजून आलेला माठ हा एकच माठ असतो का? (सिन्नर)

याच उदाहरणावर वैशेषिक (न्यायाच्या जवळची दुसरी तत्त्वज्ञान-शाखा मानणारे) आणि नैयायिक वेगळे झाले. भट्टीत माठाचा रंग आतबाहेर बदलतो. वैशेषिक म्हणतात, अग्नी प्रत्येक परमाणूपर्यंत पोचल्याशिवाय हे होणार नाही, म्हणून कच्चा माठ परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू भाजले जातात आणि त्यांचा नवा माठ बनतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, माठ सच्छिद्र असतो, अग्नी छिद्रांतून आत जातो, माठ तोच राहून रंग बदलतो. हा पिठरपाक. त्यांचा पुरावा कुंभाराच्या डोळ्यांसमोरचा आहे: भट्टीच्या भोकातून पाहिलं तर माठ सगळा वेळ दिसतो, आणि त्याच्यावर रचलेली मडकी खाली कोसळत नाहीत.

आकार आणि जागा यांबाबत नैयायिक जिंकले. पण वैशेषिकांच्या शंकेतही दम होता. साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसला मातीतल्या खनिजांमध्ये बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती खनिजं बदलतात. कच्चा माठ पाण्यात ठेवला तर विरघळून पुन्हा चिखल होतो. भाजलेला माठ कुटून भुगा केला तरी चाकावर चढत नाही. म्हणजे माठ तोच, माती मात्र ती नाही. पाटल्यांच्या प्रश्नात द्रव्य टिकलं आणि वस्तू गेली. इथे वस्तू टिकली आणि द्रव्याची जात बदलली.

प्रश्न: रामकुंडात आज वाहणारं पाणी उद्या नसतं. मग गोदावरी तीच कशी? (एक विद्यार्थी)

नदी म्हणजे पाण्याचा साठा नाही. नदी ही वाहण्याची रीत आहे: ब्रह्मगिरीचा उगम, खोरं, पात्र, उताराकडे जाणारा अखंड प्रवाह. ज्या वस्तूच्या असण्यातच द्रव्य बदलणं येतं, तिचं द्रव्य बदललं म्हणून ती बदलली असं म्हणता येत नाही. तेच पाणी कुंडात महिनाभर अडवून ठेवलं, तर द्रव्य टिकेल आणि त्या जागी नदी मात्र उरणार नाही.

प्रश्न: 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री हजाराच्या नोटेत नेमकं काय बदललं? कागद तोच, शाई तीच. आणि फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे झाले तर नोट कोणती? (नाशिकरोड)

नोटेच्या आत काहीही बदललं नाही. बदललं ते तिच्याभोवती. काही जाती वस्तूच्या घडणीवर ठरतात, काही माणसांच्या नियमांवर. छापलेला कागद ही पहिल्या प्रकारची जात, वैध चलन ही दुसऱ्या. मध्यरात्री तो कागद तोच राहून वैध चलन असणं थांबलं. विद्यार्थी पदवी घेतल्यावर विद्यार्थी राहत नाही, पण माणूस नाहीसा होत नाही, तसंच हे. जी जात सोडूनही वस्तू टिकते ती त्या वस्तूची अवस्था. जी सोडली की वस्तूच संपते ती तिची खरी जात. मुद्रणालयातून बाहेर पडलेल्या नोटेला 'चलन' ही अवस्थाच आहे. दोन हजारांच्या नोटेची गत वेगळी होती: 19 मे 2023 ला ती व्यवहारातून मागे घेतली, पण वैध चलन ही अवस्था काढली नव्हती. दोन्ही घटनांना लोक सर्रास 'नोटबंदी' म्हणतात, ते बरोबर नाही.

फाटक्या नोटेचा नियम वाड्याच्या प्रश्नावरचा उत्तम तोडगा आहे. रिझर्व्ह बँकेच्या परतावा नियमांप्रमाणे 20 रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 50 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, नाहीतर काही नाही. 50 रुपये आणि त्यापुढे: 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, 40 ते 80 मध्ये निम्मी, 40 च्या खाली शून्य. कोणतेही तुकडे करून पाहा, 60 आणि 40, 85 आणि 15, 45 आणि 55: दोन दावेदारांची बेरीज एका नोटेच्या वर कधीच जात नाही. 'मूळ नोट कोणती' हे नियम ठरवतच नाही. ज्या प्रश्नाला वस्तुस्थितीत उत्तर नाही तिथे न्याय्य वाटणीचं उत्तर देतो. वाड्याच्या वाटणीतही हे उपयोगी पडेल.

याच प्रश्नाला लागून एका वाचकाने जोगलटेंभीच्या नाण्यांबद्दल विचारलं आहे. नाशिकजवळ 1906 मध्ये सापडलेल्या त्या ठेव्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली आहेत. अनेक नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून दिसतो. नाणं कोणाचं? चांदी न वितळवता वरून ठसा मारला, म्हणून चकती तीच राहिली. तिची सत्ता बदलली. पाटल्यांसारखं वितळवलं असतं तर आज आपल्या हाती सातकर्णीचं कोरं नाणं असतं आणि पराभवाचा हा पुरावा नसता.

प्रश्न: दहा वर्षांची थॉम्पसनची बाग आहे. डॉगरिज खुंटावर. यंदा वरून कापून त्याच खुंटावर दुसरी जात भरायचा विचार आहे. मग वेली दहा वर्षांच्या म्हणायच्या की नव्या? आणि सोनाका, तास-ए-गणेश या जाती थॉम्पसनपासूनच निघाल्या, तर त्या वेगळ्या जाती कशा? (दिंडोरी तालुका)

पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण कलमी वेल मुळापासूनच दोन झाडांची आहे. मुळाचा तुकडा तपासणीला दिला तर अहवाल डॉगरिजचा येईल, पान दिलं तर थॉम्पसनचा. अन्न-पाण्याचा व्यवहार एक आहे, म्हणून ती एक वेल. वंश दोन आहेत, म्हणून जात एक नाही. पुन्हा कलम केल्यावर खुंट आणि मुळं दहा वर्षांची राहतील, ओलांडे (आडव्या फांद्या) आणि काड्या नव्या. पाणी-खताचं नियोजन मुळांच्या वयावर करा, पहिल्या फळाची अपेक्षा काडीच्या वयावर. 'बाग किती वर्षांची?' असं कोणी विचारलं तर त्याला काय ठरवायचं आहे ते आधी विचारून घ्या.

हा दुहेरीपणा विसरला की नुकसान होतं, ते दोन ठिकाणी. एक, कलमाच्या जोडाखालून येणारे खुंटाचे फुटवे वेळच्या वेळी काढले नाहीत तर ते जोमाने वाढतात, वरची काडी मागे पडते आणि दोन-तीन हंगामांत तुमच्या हाती डॉगरिजची वेल राहते. तीच जागा, तीच मुळं, तोच बांबू, आणि द्राक्ष नाही. दोन, माती चढवताना जोड मातीत गाडला गेला तर वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात. वेल जोमदार दिसते, पण क्षार आणि ताण सोसणारा खुंट निकामी होतो, म्हणजे कलम करण्याचं कारणच जातं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पाचर कलम भरताना पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळ्यांची पक्व काडी घ्या आणि जोड जमिनीपासून फूटभर तरी वर ठेवा.

जातीचा प्रश्न जास्त रंजक आहे. द्राक्षाचं बी पेरलं तर आईसारखी वेल येत नाही. जात टिकते ती फक्त काडीने. म्हणजे जगातली प्रत्येक थॉम्पसन वेल ही कधीकाळच्या एका रोपाचा न तुटलेला विस्तार आहे. काही तत्त्वज्ञ यावरून म्हणतात की अशी 'जात' ही जात नाहीच, ती हजारो एकरांवर पसरलेली एकच व्यक्ती आहे. मोह होतो, पण आम्ही तितकं पुढे जात नाही: दिंडोरीतली वेल वाळली तर बारामतीतल्या वेलीला काही होत नाही, आणि एका व्यक्तीचे अवयव इतके सुटे नसतात.

सोनाका आणि तास-ए-गणेश या थॉम्पसनच्या वेलींवर आपोआप झालेल्या बदलांतून निवडलेल्या आहेत. काडीवरचा एखादा डोळा बदलतो, त्याचा घड वेगळा येतो, शेतकऱ्याची नजर तो हेरते आणि त्याची काडी पुढे वाढवते. वेगळी जात कधी म्हणायची? पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 तीन गोष्टी तपासतो. वेगळेपण: माहीत असलेल्या प्रत्येक वाणापासून किमान एका महत्त्वाच्या गुणात स्पष्ट फरक. एकसारखेपणा: त्या वाणाची सगळी झाडं त्या गुणात सारखी. स्थैर्य: पुन्हा पुन्हा काडी लावल्यावरही तो गुण टिकतो. एका ओलांड्यावर लांब मणी आले एवढ्यावर जात होत नाही. ते संजीवकाच्या (वाढीसाठी फवारायच्या द्रव्याच्या) जादा मात्रेनेही येतात, आणि पुढच्या छाटणीला जातात. स्थैर्याची अट नेमकी याचसाठी आहे. शिवाय हाच कायदा 'मूळ वाणापासून मुख्यत्वे निघालेला वाण' असाही एक वर्ग मानतो. म्हणजे वेगळी जात आणि थॉम्पसनची लेक, दोन्ही एकदम.

प्रश्न: लाल, रांगडा आणि उन्हाळ. या कांद्याच्या खऱ्या जाती आहेत की बाजाराने पाडलेली नावं? शास्त्राच्या दृष्टीने सगळा कांदा एकच ना? (निफाड)

वनस्पतिशास्त्राची प्रजाती एकच आहे, हे बरोबर. पण 'प्रजाती एक म्हणून बाकी भेद नावापुरते' हा निष्कर्ष चुकीचा आहे. चांगली जात ओळखण्याची खूण ही, की एक गुण कळला की न पाहिलेले दुसरे गुण सांगता येतात, आणि ते एकत्र का राहतात याला कारण असतं.

उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात, मार्च ते मेमध्ये काढतात. तो चढत्या उन्हात पक्व होतो, पात आपोआप आडवी पडते, मान बारीक होऊन मिटते, वरचा पापुद्रा वाळून घट्ट बसतो. मिटलेल्या मानेतून बुरशी आत जात नाही, म्हणून तो चाळीत चार-पाच महिने निघतो. खरिपाचा लाल कांदा उतरत्या तापमानात तयार होतो. त्याची मान आपोआप पडत नाही, म्हणून शेतकरी काढणीआधी पातीवरून रिकामा ड्रम फिरवतात. तरी मान जाडच राहते, आणि कांदा चाळीत सडतो. एका कारणाच्या मुळाशी इतके गुण बांधलेले आहेत, म्हणून 'उन्हाळ' हे नुसतं नाव नाही. बियाणंही हे भेद पाळतं: एन-2-4-1 हा रब्बीचा वाण, बसवंत 780 खरिपाचा. रब्बीचा वाण पावसाळ्यात लावला तर दिवस लहान होत जातात आणि गाठ नीट धरत नाही. नाव बदलून हा परिणाम टळत नाही.

रांगडा ही मधली गोष्ट आहे. तो जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, लालपेक्षा बरा टिकतो, उन्हाळपेक्षा कमी. थंडीत डेंगळे (फुलाचे दांडे) आणि जोड कांदे जास्त येतात. इथे सीमा पुसट आहे. सीमा पुसट असणं म्हणजे जात खोटी असणं नव्हे, जसं संध्याकाळ आहे म्हणून दिवस-रात्र खोटे ठरत नाहीत. पण काढणी लांबलेल्या रांगड्याला 'उन्हाळ' म्हणून चाळीत भरलं तर सीमेवरची चूक महागात पडते. भरण्याआधी नावावर जाऊ नका, मान दाबून पाहा.

प्रत्येक गट मात्र जात होत नाही. दहाव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य यांनी जात मानण्याला सहा अडथळे सांगितले. एकच व्यक्ती असेल तर जात नाही, म्हणून 'आकाशत्व' ही जात नव्हे. दोन नावांखाली तेच सगळे सभासद असतील तर जाती दोन नव्हेत, म्हणून घटत्व आणि कलशत्व वेगळी नाहीत. आणि दोन गट एकमेकांना आडवे छेदत असतील, कोणी फक्त यात, कोणी फक्त त्यात, कोणी दोन्हीत, तर तो संकर. असे गुणधर्म म्हणजे जात नाही, ती उपाधी, म्हणजे वरून लावलेली ओळख. लासलगावचा कांदा या कसोटीवर ठेवून पाहा. लासलगावचा उन्हाळ आहे, लासलगावचा लाल आहे, आणि गुजरातेतही उन्हाळ कांदा पिकतो. 'लासलगावचा' आणि 'उन्हाळ' हे एकमेकांना छेदतात, म्हणून उदयनाच्या हिशेबाने दोन्ही एकदम जात होऊ शकत नाहीत.

आमच्या मते ही अट फार कडक आहे. आजचे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र आडवे छेदणारे वर्ग सर्रास वापरतात आणि त्यांतून खरी भाकितं काढतात. पण तिने दाखवलेला फरक खरा आहे. लासलगाव कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. ते मूळ ठिकाण सांगतं आणि त्या ठिकाणच्या माती-हवामानाशी जोडलेली गुणवत्ता सांगतं. चाळीत किती टिकेल हे सांगत नाही. खरेदीच्या पावतीवर मानांकन आणि हंगाम असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि भावाची घासाघीस करताना कोणत्या रकान्याचे पैसे देताय ते आधी ठरवा.